चौकशीबाईंचे आठ प्रश्न

तिला तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे 'चौकशी'. मूल होत नाही म्हणून जोडपी जिथे येतात अशा एका उपचार केंद्रात, जिना चढून आलं की डाव्या हाताची पहिली खोली तिची. खोली कसली, खुराडं. रक्त काढायची खुर्ची, हात टेकवायची फळी, नळ्यांचा स्टँड, बेसिन आणि तिचं स्टूल एवढं मावलं की दार पुरतं उघडत नसे. अठरा वर्षं ती त्या स्टुलावर बसून लोकांच्या शिरा शोधत होती. हात इतका हलका की सुई गेलेली कळायची नाही. जे काही टोचायचं ते तिच्या तोंडाने.

कारण रक्त काढण्याआधी ती आठ प्रश्न विचारायची. मागच्या तपासणीनंतर कुठे रक्त चढवलं का, ऑपरेशन झालं का, दात काढला का, गोंदवून घेतलं का, कावीळ झाली का, अशी ती यादी. सातवा प्रश्न, दुसऱ्या कुणाला वापरलेली सुई टोचली का. आठवा घराबाहेरच्या संबंधांचा, आणि तो विचारताना ती जोडीदाराला बाहेर बसवायची. बाहेर बसलेला माणूस त्या दोन मिनिटांत असा काही घामाघूम व्हायचा की ऑपरेशनच्या खोलीतली सिस्टर, जी बाईची चौदा वर्षांची मैत्रीण होती, ती म्हणायची की आतल्याच्या आधी बाहेरच्याचंच उत्तर कळतं. नेहमीचे लोक कुरकुरायचे. अहो बाई, हे तुम्ही परवाच विचारलंत. त्यावर बाईचं उत्तर ठरलेलं, परवाचं परवा झालं, आजचं सांगा. रक्ताचे रिपोर्ट सहा महिन्यांपेक्षा एक दिवस जरी जुने असले तरी ती फाईल पुढे सरकू द्यायची नाही, मग समोरची बाई रडो, नाहीतर तिचा नवरा केंद्राच्या डॉक्टर असलेल्या मोठ्या मॅडमची ओळख सांगो.

हा खाष्टपणा काही जन्मजात नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक गवंडी आणि त्याची बायको येत असत. गवंड्याचा रिपोर्ट सात महिन्यांचा झाला होता आणि उपचाराचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. नवा रिपोर्ट मागितला असता तर तो महिना हुकला असता. बायको डोळ्यांत पाणी आणून उभी होती. बाई तेव्हा तरुण होती, मऊ होती. तिने जुनाच कागद फाईलला लावला. मधल्या काळात गवंडी परांचीवरून पडून कुठल्याशा लहान दवाखान्यात दोन बाटल्या रक्त घेऊन आला होता, हे तिने विचारलंच नाही, आणि न विचारता सांगायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या रक्तातून हेपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचा विषाणू, त्याच्यात आला होता. नवा रिपोर्ट झाला असता तर बायकोला आधी लस दिली असती, चार-सहा महिने थांबवलं असतं, एवढंच. तसं झालं नाही. दिवस राहिले, आणि सातव्या महिन्यात ती पिवळीधमक होऊन पडली. आई वाचली, मूल वाचलं नाही.

बाईला कुणीही एक शब्द बोललं नाही. उलट गवंडी स्वतः फाईल परत करायला आला आणि म्हणाला, त्या दिवशी तुम्ही अडवलं नाहीत, फार उपकार झाले. कावीळ आपल्याच रक्तातून बायकोला गेली, हे त्याला अजून कळलं नव्हतं. बाई बेसिनपाशी जाऊन उगाचच हात धूत राहिली. त्याच आठवड्यात तिने आठ प्रश्नांचा कागद तयार केला, मोठ्या मॅडमकडून तो छापून घेतला, आणि उपचाराच्या प्रत्येक पायरीला तो मोठ्याने वाचून भरायचा असा नियम करायला लावला. बाकीच्यांनी नाकं मुरडली, पण नियम चालू राहिला.

शनिवारची यादी हाही तिचाच हट्ट. ज्यांच्या रक्तात विषाणू आहे अशा लोकांचं काम शनिवारी दुपारी, सगळ्यांच्या शेवटी. मग खोली धुवायची, टेबल पुसायचं, त्यांचे नमुने पिवळी पट्टी लावलेल्या वेगळ्या टाकीत ठेवायचे. विषाणू असला म्हणून आईबाप होणं अडत नाही, काम नीट केलं तर, असं ती नवीन आलेल्यांना सांगायची. इतर माणसं शनिवारच्या लोकांशी जरा लांबूनच गोड बोलत. बाई त्यांच्यावरही तशीच खेकसायची जशी सोमवारच्यांवर, आणि बहुधा म्हणूनच शनिवारचे लोक तिच्यावर जीव टाकायचे.

आता तिचं स्वतःचं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. नवरा लोकांच्या घरी फरशी बसवायचा. गुडघे कामातून गेलेले, स्वभाव मात्र थंडगार. पहिली काही वर्षं होईल की, होईल की म्हणण्यात गेली. पुढची काही वर्षं, आपल्याच केंद्रात आपण पेशंट म्हणून कसं जायचं या लाजेत गेली, आणि ती वर्षं फार महाग पडली. अडतिसाव्या वर्षी तिने लाज सोडली. दोन वेळा फसलं. तिसऱ्या खेपेला मोठ्या मॅडमनी तिला समोर बसवून सरळ सांगितलं की बीजं संपत आली आहेत, यानंतर मी तुला हो म्हणणार नाही. बाई तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. बुधवारी तिची बीजं काढली, सहा मिळाली. चार गर्भ तयार झाले. शनिवारी सकाळी लॅबच्या सरांनी फोनवर सांगितलं की दोन उरलेत, त्यातला एक धड आहे, दुसऱ्याचं काही खरं नाही. सोमवारी तो धड असलेला गर्भ पोटात सोडायचा होता.

शनिवारी ती घरी असायला हवी होती, मंगळवारपर्यंत रजाच होती. पण शनिवारच्या यादीला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं आणि तीन जोडप्यांना परत पाठवणं तिच्या जिवावर आलं. बसून तर काम आहे, म्हणत ती गेली. नवऱ्याने रिक्षात बसवताना, जिना हळू चढ, एवढंच सांगितलं.

शेवटचा पेशंट शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. त्याला हेपॅटायटिस सी, गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झालेले. आठ प्रश्न झाले, रक्त काढून झालं. वापरलेल्या सुया टाकायचा डबा गळ्यापर्यंत भरला होता. सकाळपासून तिने दोनदा सांगूनही नवा डबा वर आला नव्हता. हातात सुई, ठेवायला जागा नाही. अठरा वर्षांपूर्वी ती शिकत होती तेव्हा सुईला परत टोपण घालायला शिकवत. पुढे ते धोक्याचं ठरलं, आणि 'वापरलेल्या सुईला टोपण घालू नये' असा कागद तिनेच आपल्या वळणदार अक्षरात त्या भिंतीवर लावला. पण हाताची सवय ती हाताची सवय. बोटांनी आपलं आपण टोपण उचललं. सुई टोपणाच्या कडेवरून सटकली आणि एकावर एक घातलेले दोन्ही हातमोजे भेदून डाव्या तर्जनीत गेली.

ड्रायव्हर कोपरावर कापूस दाबून खाली बघत होता, त्याला पत्ताही लागला नाही. पाच मिनिटं दाबून धरा, म्हणत तिने त्याला वाटेला लावलं, दार लोटलं आणि हातमोजे काढले. बोटावर रक्ताचा एक थेंब होता. तिने साबण लावून बोट नळाखाली धरलं, बराच वेळ धरलं.

पुढे काय करायचं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सिस्टरच्या कपाटातली वही काढायची, नोंद करायची, मॅडमना फोन करायचा. या विषाणूवर आधी घ्यायची गोळी नाही की लस नाही. थांबायचं आणि तपासत राहायचं, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. तोवर पोटात गर्भ सोडायचा नाही, हा नियमच होता. म्हणजे सोमवार गेला. गर्भ गोठवावा लागणार, आणि मध्यम प्रतीचा, एकुलता एक गर्भ गोठवून परत नीट निघेल याची खात्री कुणी देत नाही. तिने ड्रायव्हरची फाईल उघडून बघितली. विषाणूचा आकडा लाखांत होता.

मग ती स्टुलावर बसली आणि मनाशी आकडे मांडू लागली. अशा सुईतून लागण होते ती शंभरात दोघांना. आईला लागण झालीच तर पोटातल्या मुलाला जाते ती शंभरात पाचांना. दोन्ही मिळून हजारात एक. हजारात एक म्हणजे काहीच नाही, रस्ता ओलांडताना माणूस यापेक्षा मोठा धोका पत्करतो. आणि दुसऱ्या पारड्यात तिचं शेवटचं मूल. पेशंटनी असे आकडे पुढे केले की ती फाडकन म्हणायची, शंभरातला तो एक तुम्ही असलात तर तुमच्यासाठी शंभरच्या शंभर. त्या दिवशी हे तिला आठवलं नसेल असं नाही. पण तिने काय करायला हवं होतं हे आपण बाहेर उभं राहून सांगू नये. तिच्या जागी मी असतो तर वहीच्या कपाटाकडे ढुंकूनही बघितलं नसतं. तिने नवा डबा स्वतः खाली जाऊन आणला, टेबल पुसलं, खोली धुतली आणि ती घरी गेली.

रविवारी नवऱ्याने बोटावरची पट्टी बघून विचारलं. भाजी चिरताना लागलं, असं तिने सांगितलं. त्याने तिच्या हातातून विळी काढून घेतली आणि उरलेला दिवस तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. त्याने केलेला भात कच्चा राहिला होता. दोघांनी तो तसाच खाल्ला. त्याच्या अशा आनंदात असण्याचा तिला त्या दिवशी फार त्रास झाला. भाजीपाला आणायला तो बाहेर पडला तेव्हा ती दोनदा फोनपाशी गेली आणि दोनदा परत आली.

सोमवारी सकाळी ती अंगात हिरवा झगा आणि डोक्याला टोपी घालून ऑपरेशनच्या खोलीत आडवी झाली. मोठ्या मॅडम कोपऱ्यात हात धूत होत्या. लॅबची खिडकी बंद होती आणि तिच्यामागे सर गर्भ तयार करत होते. सिस्टर आठ प्रश्नांचा कागद घेऊन आली. मान वर न करता तिने 'नाही'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सटासट आठ खुणा केल्या आणि पेन बाईच्या हातात दिलं.

"तुला काय विचारायचं," सिस्टर हसून म्हणाली. "तूच तर लिहिलेत. कर सही."

खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती. नुसती सही करायची होती. पुढे अनेकांना वाटलं की त्या क्षणी तिला गवंड्याची बायको आठवली असेल, पण तसं काही झालं नाही, हे तिनेच सांगितलं आहे. तिला राग आला. एका दमात, न विचारता मारलेल्या त्या आठ खुणा बघून तिचं डोकंच फिरलं. सोळा वर्षं घसा कोरडा केला, आणि हिच्या लेखी त्याची किंमत एवढीच.

"विचार," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"प्रश्न. एकेक करून. मोठ्याने."

सिस्टरला वाटलं चेष्टा चाललीय. तिने शाळेत कविता म्हणतात तसे प्रश्न म्हणायला सुरुवात केली आणि बाई प्रत्येकाला नाही, नाही म्हणत गेली. सातव्याला ती थांबली.

"हो," ती म्हणाली. "शनिवारी. शेवटच्या पेशंटची."

मोठ्या मॅडमनी नळ बंद केला. सुई कुठली, किती खोल गेली, कुणाची, हे त्यांनी शांतपणे विचारून घेतलं. दोन दिवस का सांगितलं नाहीस, हेही एकदाच विचारलं. गर्भ बुधवारचा, सुई शनिवारची, त्यामुळे गर्भ स्वच्छ होता, शंका फक्त तिच्या रक्ताची होती. गर्भ गोठवून स्वच्छ टाकीत ठेवायचं ठरलं. खिडकीमागून सरांचा आवाज आला की नाजूक आहे, पण बघतो. बाई उठली, झगा काढला आणि तिने घरचे कपडे घातले.

नवरा बाहेर बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. मॅडमनी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने फक्त हिला काही होणार नाही ना, एवढं विचारलं. सिस्टर मात्र भडकली. दुपारी तिने बाईला जिन्यात गाठलं. "गप्प बसायला काय झालं होतं तुला? मी कुणाला सांगायला जाणार होते?" असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. बाईने तिला तिथेच रडू दिलं. पुढे दोन महिने दोघी एकमेकींशी कामापुरत्याच बोलल्या.

ते सहा महिने कसे गेले हे तिलाच ठाऊक. नखं कापायचं यंत्र वेगळं, दात घासायचा ब्रश वेगळ्या पेल्यात, नवऱ्याच्या दाढीच्या पात्याला हात लावायचा नाही. कामावर ती तशीच होती, किंबहुना जास्तच कडक. टाक्यांमध्ये द्रव नायट्रोजन भरायला माणूस यायचा त्या दिवशी ती काही ना काही निमित्त काढून टाक्यांच्या खोलीच्या दारात उभी राहायची. आपला गर्भ कितव्या नळीत, कुठल्या खणात आहे हे तिला पाठ होतं, पण पेशंट म्हणून तिला आत जायला मनाई होती आणि तो नियम तिने मोडला नाही. सहा आठवड्यांचा रिपोर्ट स्वच्छ आला. तीन महिन्यांचा आला. सहा महिन्यांचा सिस्टर स्वतः घेऊन आली, तिच्यापुढे कागद नाचवत. स्वच्छ. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांत बाई बसली होती. मॅडमनी लगेच बाराव्या दिवसाची तारीख दिली.

गोठलेला गर्भ बाहेर काढून परत उबेला आणला आणि त्याच्या पेशी फुलल्या, की लॅबमधली माणसं म्हणतात, उठला. बाई पुन्हा त्याच टेबलावर हिरव्या झग्यात आडवी झाली होती. आठ प्रश्न या वेळी सिस्टरने एकेक करून, मोठ्याने विचारले होते. उठायला फार वेळ लागत नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मग खिडकी उघडली आणि सर मास्क हनुवटीखाली ओढून उभे राहिले. अठरा वर्षं त्यांना बघणाऱ्या बाईला त्या मास्कवरूनच कळलं.

"बाई, उठत नाहीये," सर म्हणाले.

"अजून थोडं बघा ना," ती म्हणाली. आयुष्यात प्रथमच ती कुणाला तरी, नियम राहू द्या बाजूला, असं विनवत होती. सर तयार झाले. मॅडमनीही पुढच्या दोन्ही पेशंटना बाहेर बसवून ठेवलं. दोन तास ती तशीच, छताकडे बघत, पाय जवळ घेऊन पडून राहिली. सिस्टर तिचा हात धरून स्टुलावर बसली होती. दोन तासांनी सर परत आले आणि त्यांनी नुसती मान हलवली.

घरी येऊन नवऱ्याने चहा ठेवला. तो चहा घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला, दुखऱ्या गुडघ्यांनी, हळूहळू. साडेसहा महिन्यांत न विचारलेलं त्याने तेव्हा विचारलं.

"त्या रविवारी मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही गप्प राहा म्हणाला असतात."

"हो," तो म्हणाला. "म्हणालो असतो."

"आणि मी राहिले असते."

चहावर साय धरली. आज सातवा महिना संपला असता, हे तो बोलणार नाही हे ओळखून तीच बोलली. रिपोर्ट स्वच्छ होता, म्हणजे त्या दिवशी सही केली असती तरी कुणाचं काही वाकडं झालं नसतं, हेही तीच बोलली.

"पस्तावा होतो?" त्याने विचारलं.

"होतो. रोज होतो. रिपोर्ट आला त्या दिवसापासून जास्तच होतो."

"आणि परत तशी वेळ आली, तर सांगशील?"

"मला आता कुणी विचारणार नाही हो," ती म्हणाली. "पेशंट म्हणून माझी फाईल आज बंद झाली."

आणि तेव्हा, टेबलावर नाही, रिक्षात नाही, तेव्हा ती रडली. तो कप बाजूला सारून, गुडघ्यांवरच सरकत, तिच्याजवळ गेला.